प्ले थेरपी शेवटपर्यंत परवडायला हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात लहान मुलांसाठीची प्ले थेरपी, म्हणजे खेळाच्या माध्यमातून होणारा मानसोपचार, आता मिळू लागली आहे. परंतु ज्या घरांतील मुलांना तिची सर्वाधिक निकड आहे त्याच घरांना ती परवडत नाही, आणि सुरुवातीला कशीबशी परवडली तरी ती अर्ध्यावर सोडावी लागते. या गोष्टीकडे महापालिका, जिल्हा प्रशासन आणि आपले वाचक यांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी पूर्व नागपुरातील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून वस्तीतील मुले आणि त्यांचे पालक यांच्यासोबत अजूनही काम करते. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. उपचाराविषयी जे लिहिले आहे ते या क्षेत्रातील जाणत्या व्यक्तींकडून समजून घेतलेले, वाचलेले आणि काही प्रमाणात प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

मोठ्या माणसाचे मन दुखावले, तर तो ते कुणापाशी तरी बोलू शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ तेवढे शब्द नसतात. मग ते पोट दुखते म्हणते, शाळेच्या फाटकाशी अडून बसते, सुटलेली सवय परत लागून अंथरूण ओले करते, शेजारच्या मुलाला चावते किंवा एकदम गप्प होऊन जाते. आणि आपण मोठी माणसे त्याला हट्टी, आळशी किंवा लाडावलेले ठरवून मोकळे होतो. त्याच मुलाला बाहुल्यांचे कुटुंब, माती, रंग, वाळूचे तसराळे, डॉक्टरची पेटी, गाड्या अशा वस्तूंसोबत एका शांत खोलीत, त्याच्याकडे पूर्ण लक्ष देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने खेळू दिले, तर जे त्याला सांगता येत नाही ते हळूहळू खेळात उतरू लागते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४० च्या दशकात या पद्धतीला शिस्तशीर रूप दिले. आठवड्यातील ठरलेला वार, ठरलेली वेळ, साधारण पाऊण तासाचे सत्र, तीच खोली आणि तीच खेळणी. काय खेळायचे हे मूल ठरवते. थेरपिस्ट त्याला शिकवत नाही, त्याच्या चुका सुधारत नाही, प्रश्नांची सरबत्ती करत नाही. मात्र स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची नाही आणि वस्तू मुद्दाम फोडायच्या नाहीत, या मोजक्या मर्यादा ठामपणे पाळल्या जातात. साधारण तीन ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी ही पद्धत वापरतात.

याविषयी बोलताना पुष्कळ जण, त्यांत काही जबाबदार अधिकारीही असतात, असे उत्तर देतात की आमच्या अंगणवाडीत आणि बालवाडीत खेळ आहेतच. ते खरे आहे, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण आणि पुढे आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले त्याचा अभिमान मराठी माणसाला असलाच पाहिजे. परंतु खेळातून शिकवणे आणि खेळातून उपचार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. बालवाडीतील ताईंच्या समोर वीस-पंचवीस मुले असतात आणि त्यांचे लक्ष शिकण्यावर असते. उपचारात एकच मूल असते आणि लक्ष त्याच्या मनाच्या जखमेवर असते. पहिल्याने दुसऱ्याची गरज भागत नाही. नागपूरच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवून बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारा खाऊ-पैसा, गोळा करत फिरणारी मुले किंवा भुलाबाईच्या गाण्यांनंतर खिरापत ओळखणाऱ्या मुली पाहिल्या की खेळ मुलांना किती उभारी देतो हे कळते, पण बाप गेलेल्या किंवा घरात रोज मारहाण पाहणाऱ्या मुलाला तेवढ्याने सावरता येतेच असे नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून त्यातील काही तपशील बदलले आहेत. दुसरीतील एका मुलीचे वडील अपघातानंतर बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते आणि तिथेच गेले. लहान मुलांना त्या विभागात प्रवेश नसल्याने तिला वडिलांना शेवटचे पाहता आले नाही. नंतर ती शाळेत डबा खाईनाशी झाली, बोलेनाशी झाली. शाळेच्या सल्ल्याने आईने तिला एका थेरपिस्टकडे नेले. पुढे त्या आईनेच मला सांगितले की मुलगी सत्रामागून सत्र एकच खेळ खेळत असे: सगळ्या बाहुल्यांना पट्ट्या बांधून ओळीने झोपवायचे आणि एका छोट्या बाहुलीला खोक्याच्या दाराबाहेर बसवून ठेवायचे. ‘लहान मुलांनी आत जायचं नसतं,’ असे ती त्या बाहुलीला बजावायची. बऱ्याच आठवड्यांनी एके दिवशी तिने त्या बाहुलीला स्वतःहून आत नेले आणि पट्टी बांधलेल्या मोठ्या बाहुल्याशेजारी बसवले. त्या आठवड्यात मुलीने घरी वडिलांचे नाव काढले आणि आईजवळ बसून रडली. आईच्या म्हणण्याप्रमाणे वडील गेल्यानंतरचे ते तिचे पहिले रडणे होते.

आणि नेमके त्यानंतर काहीच दिवसांत ती थेरपी बंद पडली, कारण आई कळमन्याच्या बाजारात धान्य निवडण्याच्या कामाला जाते आणि दर आठवड्याला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवणे तिला शक्य होईना. थेरपिस्टने शुल्क कमी केले होते, हे मुद्दाम नमूद करते. दोष त्या व्यक्तीचा नव्हता. हिशेब साधा आहे. उदाहरणादाखल एका सत्राचे सातशे रुपये धरले, पारडी-कळमन्याकडून रामदासपेठ किंवा धरमपेठेपर्यंत जाण्या-येण्याच्या ऑटोचे दोनशे आणि बुडालेल्या मजुरीचे अडीचशे धरले, तर चार महिन्यांच्या सोळा सत्रांचे १८,४०० रुपये होतात. हातावर पोट असलेल्या विधवेने हे पैसे कुठून आणायचे? पारडीजवळच्या प्रजापती नगरहून आता मेट्रो आहे, त्यामुळे भाडे थोडे कमी होईल. मजुरी मात्र भरून निघत नाही.

शुल्काच्या प्रश्नात एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तापाचे औषध अर्धवट घेतले तरी काही गुण येतो, असे आपण समजतो. नात्यावर उभा असलेला उपचार तसा नसतो. ज्या मुलाने एक जवळचे माणूस गमावले आहे, त्याने मोठ्या प्रयासाने दुसऱ्या माणसावर विश्वास टाकला आणि तेही माणूस एके दिवशी काही न सांगता दिसेनासे झाले, तर जुन्या जखमेवरच पुन्हा घाव बसतो. म्हणूनच चांगले थेरपिस्ट उपचाराचा शेवटही आधीपासून आखतात, किती सत्रे उरली हे मुलाला आगाऊ सांगतात आणि निरोपासाठी वेळ ठेवतात. उद्घाटनाच्या महिन्यात मोफत शिबिर घेऊन नंतर खोलीला कुलूप लावणाऱ्या योजना म्हणूनच मुलांसाठी घातक ठरतात. परवडणारी थेरपी म्हणायची ती शेवटच्या सत्रापर्यंत परवडणारी असली पाहिजे.

हे कसे साधेल, याचा विचार करताना मला सर्वाधिक आशा पालकांच्या प्रशिक्षणात दिसते. १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याने आई-वडिलांनाच हे कौशल्य शिकवून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांच्याकडूनच मुलासाठी खेळाची सत्रे घेण्याची पद्धत सुरू केली. गॅरी लँड्रेथ यांनी पुढे तिचे दहा आठवड्यांच्या गट-प्रशिक्षणात रूपांतर केले: पालकांचा छोटा गट आठवड्यातून एकदा दोन तास भेटतो आणि प्रत्येक पालक घरी आठवड्यातून एकदा अर्धा तास आपल्या मुलाबरोबर ठरलेल्या पद्धतीने खेळतो. त्या अर्ध्या तासात मोबाइल बंद, उपदेश बंद, पाढे विचारणे बंद. मूल जे करते ते शब्दांत मांडायचे, त्याच्या भावनेला नाव द्यायचे आणि गरज पडली तर मर्यादा घालायची. मुलाने रागाने हात उगारला तर आईने शांतपणे म्हणायचे, ‘तुला राग आला आहे. पण मी मारण्यासाठी नाही. ही उशी आहे, हिला मार.’ ऐकायला सोपे वाटते. करायला फार कठीण आहे. आम्हा शिक्षकांना तर अधिकच, कारण मूल गप्प बसले की काहीतरी शिकवायला लागायचे हे आमच्या हाडीमाशी भिनलेले असते.

आमच्या वस्तीतील समाजभवनात एका प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ ताईंनी मागे असा पालकगट घेतला होता. त्यातील एक आई, चार घरची धुणीभांडी करणारी, शेवटच्या बैठकीत म्हणाली, ‘म्याडम, आजवर मी त्याले फक्त हे कर, ते कर, एवढंच म्हणत होती. तो काय करून राह्यला, हे मी कधी पाह्यलंच नाही.’ तिच्या मुलाचे मारामारी करणे त्या काळात बरेच कमी झाले होते. या पद्धतीचा खर्च कमी होण्याचे कारण उघड आहे: एका प्रशिक्षित व्यक्तीच्या दोन तासांत सात-आठ घरांचे काम होते, आणि शिकलेले कौशल्य घरातच राहते, धाकट्या भावंडांच्याही कामी येते. थेरपी संपली तरी आई कुठे जात नाही, हा फायदा तर पैशात मोजता येण्यासारखा नाही.

ही केवळ भाबडी आशा नाही. अमेरिकेतील संशोधक ब्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ९३ नियंत्रित अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले; त्यात प्ले थेरपीचा परिणाम चांगला दिसला आणि प्रशिक्षित पालकांनी घेतलेल्या सत्रांचा परिणाम व्यावसायिकांच्या सत्रांहूनही अधिक आढळला. त्यातील अनेक अभ्यासांत मुलांची संख्या लहान होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, आणि प्रत्येक मुलाचा प्रश्न पालकांच्या खेळाने सुटेल असेही नाही. गंभीर आघात, लैंगिक अत्याचार, किंवा जिथे घरातील मोठे माणूसच मुलाच्या भीतीचे कारण आहे, अशा ठिकाणी तज्ज्ञच हवा. अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे. तपासाचे प्रश्न खेळाच्या खोलीत विचारायचे नसतात.

खोली उभारायला फार खर्च येत नाही. बॅटरीवर चालणारी महागडी खेळणी उलट अडचणच करतात, कारण त्यांच्याशी एकाच प्रकारे खेळता येते. कन्हान नदीची धुतलेली वाळू, कुंभाराकडची माती, इतवारीच्या घाऊक बाजारातील बाहुल्या, भांडीकुंडी आणि गाड्या, जुन्या कापडाच्या हातबाहुल्या, एखादा लाकडी नंदी, रबरी साप, पुठ्ठ्याचे घर, एवढ्यावर काम सुरू होते. खर्च आहे तो माणसाच्या वेळेचा, त्याच्या प्रशिक्षणाचा आणि त्याच्या कामावर अनुभवी व्यक्तीची नजर ठेवण्याचा. आणि नेमका तोच खर्च करायला कुणी तयार नसते. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या दोन मोठ्या सार्वजनिक कंपन्यांची मुख्यालये आपल्या शहरात आहेत, बुटीबोरी, हिंगणा आणि मिहानमध्ये उद्योग आहेत, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामासाठी खर्च करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या निधीतून पाच वर्षे पगार देण्याची हमी मिळावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. इमारती आणि खेळणी आम्ही नागरिक जमवू.

पालकांनीही थोडे सावध राहावे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, विशेष शिक्षक आहेत, पण प्ले थेरपिस्ट असा स्वतंत्र वर्ग नाही. त्यामुळे दोन दिवसांची कार्यशाळा केलेली व्यक्तीही दारावर तशी पाटी लावू शकते. मूळ पदवी कशाची आहे, प्रशिक्षण किती काळाचे आणि कुणाच्या देखरेखीखाली झाले, पालकांना ठराविक अंतराने भेटता का, हे विचारायला संकोच करू नये. चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी रागावत नाही. ‘सहा सत्रांत मूल बरे करून देतो’ असे जो सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे. तसेच प्ले थेरपी ही स्वमग्नतेवरील (ऑटिझमवरील) हमखास इलाज किंवा वाचन-लेखन सुधारण्याची शिकवणी म्हणून विकली जात असेल तर तेही चूक आहे.

आता शासनाविषयी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ ने प्रत्येकाला परवडणाऱ्या दरात, जवळच्या ठिकाणी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला असून त्यात बालकांसाठीच्या सेवांचा स्वतंत्र उल्लेख आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम ३१ मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करते आणि कलम ३९ छळ, हिंसा किंवा उपेक्षा सोसलेल्या मुलाला मानसिकदृष्ट्या सावरण्यासाठी मदत करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकते. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. तरीही प्रत्यक्षात असे मूल कुठल्याच योजनेच्या चौकटीत बसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब यांची तपासणी होते, ती मोलाची आहे. पण वडील गेल्याने मुकी झालेली मुलगी त्या चार गटांत कुठे मोडते? निरामय विमा योजनेत एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीचाही समावेश आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. खासगी आरोग्य विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतो. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले; त्या पाहणीतील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि तेराहून लहान मुलेही नव्हती. म्हणजे ज्या वयासाठी प्ले थेरपी आहे, त्या वयाच्या मुलांची मोजणीच त्यात झालेली नाही.

मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि प्रादेशिक मनोरुग्णालय अशा तिन्ही ठिकाणी मानसोपचाराची सोय आहे, परंतु कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांपुढे जी रांग असते, ती पाहता एका मुलाला दर आठवड्याला पाऊण तास देणे त्यांना शक्य नाही, आणि तशी अपेक्षा करणे त्यांच्यावर अन्यायाचे होईल. हे काम वस्तीजवळच व्हायला हवे. महापालिकेचे दहा झोन आहेत. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या महापालिका शाळांच्या इमारतींतील एकेक खोली प्रत्येक झोनमध्ये यासाठी द्यावी. तिथे पूर्ण पगारावर एक प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ नेमावा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली पालकगटांना मदत करावी, आणि गुंतागुंतीच्या मुलांसाठी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांशी बांधलेली जोडणी असावी. शुल्क शिधापत्रिकेवरून ठरवता येईल: पिवळ्या कार्डावर मोफत, केशरीवर नाममात्र, इतरांना पूर्ण. त्यासाठी वेगळे दाखले मागू नयेत, कारण तहसील कार्यालयाच्या फेऱ्यांतही मजुरीच बुडते.

वेळेचा विचार शुल्काइतकाच करावा लागेल. खोली सायंकाळी आणि रविवारी उघडी नसेल तर मोलमजुरी करणारी आई तिथे येऊच शकणार नाही, आणि एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात दुपारची सत्रे ठेवणे म्हणजे मूल येणार नाही असे आधीच ठरवण्यासारखे आहे. वडिलांनाही गटात आणायला हवे. एमआयडीसीतील पाळ्या आणि साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या असतात, म्हणून त्यांचा गट निदान दोन वारी असावा. आजवर मी पाहिलेल्या गटांत बाप क्वचितच दिसले. जे आले ते मात्र मन लावून शिकले.

महापालिका आयुक्तांना माझी विनंती आहे की येत्या अर्थसंकल्पात निदान नेहरूनगर आणि सतरंजीपुरा या दोन झोनसाठी अशी तरतूद करावी, ती किमान तीन वर्षांची असावी आणि त्यातील मोठा वाटा वेतनावर ठेवावा. शहरातील खासगी थेरपिस्टांनी या दोन खोल्यांसाठी आठवड्यातील काही तास द्यावेत. त्यांच्यापैकी काहींनी तशी तयारी माझ्याजवळ आधीच दाखवली आहे. खोलीची स्वच्छता, खेळण्यांची जुळवाजुळव आणि पालकांना घरोघरी जाऊन बोलावणे ही कामे आम्ही निवृत्त शिक्षक मंडळी विनामूल्य करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
नंदनवन, नागपूर